दौलताबाद ते दिल्ली, उलट्या दिशेनं

दिल्लीच्या सहलीत मी सर्वांत जास्त काय केलं असेल, तर डोकी मोजली. बसमध्ये चढताना, उतरताना, जेवताना, झोपताना. नववीची ३८ मुलं-मुली आणि आम्ही चार मोठी माणसं. मी शिक्षक नाही, पुण्यात कोड लिहितो. पण शाळा माझी, गाव दौलताबादच्या किल्ल्याजवळचं, आणि एक सर ऐन वेळी आजारी पडले. "तू येतोयस ना रे?" बाईंनी फोनवर विचारलं. बाईंना नाही म्हणायची सवय आमच्या बॅचला नाही.

तिसऱ्या दिवशी तुघलकाबाद. पडक्या तटाकडे बघत एका मुलीनं विचारलं, "दादा, तो वेडा तुघलक हाच का?"

"नाही गं. हा किल्ला त्याच्या वडिलांचा, गियासुद्दीनचा. तू म्हणतेस तो महंमद."

"मग त्याला आपल्या गावात काय काम होतं?"

प्रश्न बरोबर होता. आपल्याकडे कुठलाही विचित्र आदेश निघाला की तो 'तुघलकी' होतो आणि विषय संपतो. पण १३२७च्या सुमारास महंमद बिन तुघलकानं देवगिरीचं दौलताबाद केलं, तेव्हा कागदावर हिशोब चोख होता. यादवांचं राज्य संपून फार वर्षं झाली नव्हती. दिल्लीत बसून दख्खनवर पकड ठेवणं अवघड होतं, म्हणून तिथं भरवशाची माणसं वसवायची. रस्त्याच्या कडेला झाडं होती, मुक्कामाची ठिकाणं होती. इब्न बतूता हे अंतर ४० दिवसांचं सांगतो.

दिल्लीत कुत्रं-मांजरसुद्धा उरलं नाही, असं बरनी लिहितो. इब्न बतूता तर एका आंधळ्याला फरफटत नेल्याची आणि दौलताबादला त्याचा फक्त पाय पोहोचल्याची गोष्ट सांगतो. पण तो दिल्लीत आला १३३४च्या सुमारास. त्याची ही गोष्ट ऐकीव. उलट, दिल्लीजवळच्या सरबन गावात १३२८चा संस्कृत शिलालेख सापडला आहे. दोन व्यापाऱ्यांनी विहीर बांधल्याची त्यात नोंद आहे. रिकाम्या शहराजवळ विहीर कोण बांधेल? आजचे बहुतेक इतिहासकार मानतात की हलवले गेले ते मुख्यतः दरबारी, अधिकारी, उलेमा, सूफी आणि त्यांची घरंदारं.

हे सगळं मी मुलांना रंगवून सांगितलं. "म्हणजे गोष्ट वाटते तेवढी वाईट नव्हती," असंही म्हणालो. मायग्रेशनचा प्लॅन चांगला होता, अंमलबजावणी फसली. ऑफिसात आम्ही असंच बोलतो.

त्याच संध्याकाळी मेट्रोचे दरवाजे बंद झाले आणि डब्यात मोजली तर ३७ भरली. पुन्हा मोजली. ३७. फलाटावर मी मोजली होती तेव्हा ३८ होती, कारण गडबडीत मी स्वतःलाही धरलं होतं. एकानं चुकणं ही आमच्या धंद्यातली सर्वांत जुनी चूक. पुढच्या स्टेशनवर उतरून उलटी गाडी पकडेपर्यंत माझ्या हाताला घाम सुटला होता. पोरगा फलाटावर सुरक्षारक्षकाशेजारी उभा होता. रडत नव्हता. फक्त म्हणाला, "दादा, तुम्ही मला मोजलं नव्हतं का?"

रात्री झोप आली नाही. आठवत राहिला तो इसामी. या स्थलांतरात तो १६ वर्षांचा होता, आमच्या मुलांहून थोडा मोठा. बरोबर ९० वर्षांचे आजोबा. दिल्लीहून निघाल्यावर पहिल्याच मुक्कामी, तिलपतला, आजोबा गेले. त्यांना तिथंच पुरून बाकीचे पुढे चालले. वीसेक वर्षांनी दख्खनमध्ये, बहमनी सुलतानाच्या आश्रयाला, इसामीनं फारसीत इतिहासकाव्य लिहिलं. त्यात तुघलकावरचा राग जागोजागी आहे. इतिहासकार म्हणतात, इसामी पक्षपाती आहे. आहेच. पण त्याच्यामुळेच त्या काफिल्यातल्या एका म्हाताऱ्याचं नाव आपल्याला माहीत आहे: इझुद्दीन. सुलतानाच्या हिशोबात तो असलाच, तर एक आकडा असणार.

काही वर्षांनी सुलतानानं लोकांना परतायची मुभा दिली. सगळे परतले नाहीत. निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब इकडेच राहिले, त्यांची कबर खुलताबादेत आहे. कवी अमीर हसनही तिथंच आहे. दिल्लीकरांची बोली इथल्या भाषांत मिसळून दख्खनी झाली. आमच्या गटातली दोन मुलं घरी तीच बोलतात. दिल्लीच्या रिक्षावाल्यानं त्यांना विचारलं, "ये कहाँ की हिंदी है?" काय सांगणार? तुमचीच आहे, सातशे वर्षांपूर्वी निघालेली.

म्हणून प्लॅन वाईट नव्हता हे मी अजूनही म्हणेन, आणि त्यातून चांगलंही निघालं. पण ते तिलपतला थांबून, म्हाताऱ्याच्या कबरीशेजारी उभं राहून म्हणता येतं का, हे तपासून मग म्हणेन.

परतीच्या गाडीत फरीदाबाद आलं. तिलपत इथून जवळच. मी यादी काढली आणि या वेळी आकडा न मोजता एकेक नाव घेतलं. वेळ लागला. वरच्या बर्थवरून मेट्रोवाला पोरगा वाकून बघत होता, त्याचं नाव येईपर्यंत.