इमॅक्युलाटाच्या मुलींचा हंगाम

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात नॉर्मल नावाचे एक गाव आहे. शिक्षक घडविणाऱ्या 'नॉर्मल स्कूल'वरून त्याला हे नाव पडले. इंग्रजी अमदानीत आपल्याकडेही अध्यापक तयार करणाऱ्या शाळांना नॉर्मल स्कूलच म्हणत असत. मार्च १९७२ मध्ये या गावातील राज्य विद्यापीठाच्या क्रीडागृहात सोळा महाविद्यालयांचे महिला बास्केटबॉल संघ जमले होते. महाविद्यालयीन मुलींच्या खेळांसाठी नुकत्याच स्थापन झालेल्या संघटनेने भरविलेली ही पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा. सोळा संघांच्या मानांकनात पंधराव्या क्रमांकावर असलेला संघ पेनसिल्वेनियातील इमॅक्युलाटा कॉलेजचा होता. त्याच्या आठच खेळाडू आल्या होत्या. आणखी मुलींना आणण्याइतके पैसे जमले नव्हते. ज्या आल्या त्यांनीही ऐनवेळी रिकाम्या राहिलेल्या जागांवर बसवून नेणारी, स्वस्तातली विमान तिकिटे काढली होती.

इमॅक्युलाटा हे फिलाडेल्फियाजवळ टेकडीवर वसलेले कॅथलिक मुलींचे महाविद्यालय. १९२० मध्ये ते सुरू झाले. धर्मभगिनींचा एक संघ ते चालवीत असे आणि विद्यार्थिनींची संख्या हजारालाही पोहोचत नव्हती. महाविद्यालयाचे क्रीडागृह १९६७ मध्ये आगीत भस्मसात झाले होते. ते पुन्हा उभारायला पैसा नव्हता. त्यामुळे सराव धर्मभगिनींच्या निवासी इमारतीतील तळघरातल्या लहानशा व्यायामशाळेत चाले आणि सामने बहुधा दुसऱ्यांच्या अंगणात होत. लोकरी कापडाचा, चुण्यांचा झगा आणि आत सदरा हा खेळाडूंचा गणवेश. बास्केटबॉलसारख्या धावपळीच्या खेळात तो किती अडचणीचा ठरत असेल हे वेगळे सांगायला नको. परंतु मर्यादेच्या कल्पना त्या काळी खेळाच्या सोयीपेक्षा वरचढ होत्या, आणि त्या केवळ कॉन्व्हेंटपुरत्या नव्हत्या.

मुलींच्या या खेळाचा पूर्वेतिहास पाहिल्याशिवाय त्या हंगामाचे मोल कळत नाही. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ शोधून काढला आणि जवळच्याच स्मिथ कॉलेजमध्ये सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो वर्षभरातच मुलींना शिकविला. मात्र मुलींच्या प्रकृतीला झेपावा म्हणून त्यांनी मैदानाचे तीन भाग केले आणि प्रत्येकीने आपापल्या भागातच राहावे असा नियम घातला. प्रतिस्पर्ध्याच्या हातातून चेंडू हिसकावून घेण्यास मनाई केली. पुढे तीन भागांचे दोन झाले. सहा जणींचा संघ, निम्म्या हल्ल्याला आणि निम्म्या बचावाला, मधली रेषा ओलांडायची नाही. ज्यांनी कबड्डी खेळली आहे त्यांनी कल्पना करावी की, संघातल्या अर्ध्याच मुलींनी आयुष्यभर चढाई करायची आणि उरलेल्यांनी कधी करायचीच नाही. दुसरी अडचण याहून सूक्ष्म होती. स्पर्धेने मुलींचा स्वभाव बिघडतो, असे महाविद्यालयांतील शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापिकांचेच मत असे. १९२० च्या दशकापासून त्यांनी आंतरमहाविद्यालयीन सामने मोडीत काढून 'क्रीडादिना'ची पद्धत रूढ केली. निरनिराळ्या महाविद्यालयांच्या मुली एकत्र येत, संघांची सरमिसळ होई, थोडा खेळ आणि मग चहाफराळ. कोणाच्याच संस्थेचा विजय नको आणि पराभवही नको. या प्राध्यापिकांना दोष देणे आज सोपे आहे. पुरुषांच्या क्रीडाविश्वातील पैशाचा आणि लबाडीचा बाजार त्यांनी जवळून पाहिला होता. परंतु मुलींना त्या बाजारापासून वाचविताना त्यांनी मैदानच काढून घेतले, हेही तितकेच खरे.

फिलाडेल्फियाच्या कॅथलिक वस्त्यांत मात्र हे वारे फारसे पोहोचले नव्हते. तेथील चर्चच्या युवक संघटनेच्या आणि कॅथलिक माध्यमिक शाळांच्या स्पर्धांत मुलींचे सामने दशकानुदशके चुरशीने खेळले जात. कष्टकरी आणि कनिष्ठ मध्यमवर्गीय घरांतल्या मुली गल्लीत भावांबरोबर खेळून तयार होत आणि शाळेचा सामना पाहायला वस्ती लोटत असे. वर्गात शिकविणाऱ्या धर्मभगिनींनाही या खेळाचे वेड होते. इमॅक्युलाटाकडे क्रीडागृह नव्हते, शिष्यवृत्त्या नव्हत्या. पण या शाळांतून येणाऱ्या मुली होत्या. मोठ्या विद्यापीठांना मुलींच्या खेळाची आठवणही नसल्याने त्या मुलींवर दुसऱ्या कोणी हक्क सांगत नव्हते.

१९७० मध्ये महाविद्यालयाने कॅथी रश यांची प्रशिक्षिका म्हणून नेमणूक केली. त्या जेमतेम तेवीस वर्षांच्या होत्या, आणि मानधन साऱ्या हंगामाचे मिळून ४५० डॉलर होते. काही मैलांवरच्या वेस्ट चेस्टर स्टेट कॉलेजमधून त्या पदवीधर झाल्या होत्या. त्यांचे पती पुरुषांच्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये पंच होते, त्यामुळे वरच्या दर्जाचा खेळ त्यांच्या नित्य पाहण्यातला होता. मुलींना शिकविताना 'मुलींचा खेळ' असा वेगळा काही प्रकार असतो हे त्यांनी मानलेच नाही. मैदानभर दबाव टाकून चेंडूवाल्या खेळाडूला दोघींनी कोपऱ्यात कोंडणे, सहकारी खेळाडूला वाट मिळावी म्हणून प्रतिस्पर्ध्याच्या मार्गात शरीराची भिंत उभी करणे, बचाव मोडून वेगाने पलटवार करणे, असे पुरुषांच्या संघांत चालणारे डाव त्यांनी त्या तळघरात घोटून घेतले.

काळही अनुकूल झाला. १९७१ मध्ये महिलांच्या नियमांत मोठा बदल होऊन पाच जणींचा संघ आणि संपूर्ण मैदानाचा खेळ अधिकृत झाला. तीस सेकंदांत चेंडू बास्केटकडे टाकलाच पाहिजे, हे बंधनही त्याच वेळी आले. गंमत अशी की, अमेरिकेतील पुरुषांच्या महाविद्यालयीन खेळाला असे कालबंधन १९८५ पर्यंत नव्हते. ज्या मुलींना मधली रेषा ओलांडण्याची परवानगी नव्हती, त्या एकदम पुरुषांपेक्षा वेगवान नियमांनी खेळू लागल्या. ज्यांचा सराव आधीपासून या वेगाचा होता, त्यांना याचा लाभ होणारच होता.

संघाचा कणा होती थेरेसा शँक. उंचीने सर्वांत उठून दिसणारी ही मुलगी खरे तर दुसऱ्या महाविद्यालयात जाणार होती. परंतु त्याच सुमारास घराला आग लागून कुटुंबाचे सर्व काही गेले, आणि घरी राहून शिकता येईल म्हणून तिने इमॅक्युलाटा निवडले. एका आगीने महाविद्यालयाचे क्रीडागृह नेले आणि दुसरीने त्याला त्याची सर्वश्रेष्ठ खेळाडू दिली. रीन म्यूथ, ज्युडी मारा, डेनिस कॉनवे या तिच्या सोबतिणी. म्यूथच्या वडिलांचे लोखंडी सामानाचे दुकान होते. ते सामन्याला येताना पत्र्याच्या बादल्या आणि लाकडी दांडके घेऊन येत. मग धर्मभगिनींपासून पालकांपर्यंत सारे प्रेक्षक त्या बादल्या बडवून क्रीडागृह दणाणून सोडत. गणेशोत्सवातील ताशा ऐकलेल्या कानांनाच त्या आवाजाची अटकळ करता येईल. पांढऱ्या-निळ्या वेशातल्या वयस्क धर्मभगिनी मांडीवर बादली घेऊन ठोके देत आहेत, हे दृश्य प्रतिस्पर्ध्यांना बिचकविण्यास पुरेसे असे.

१९७१-७२ च्या हंगामात हा संघ एकामागून एक सामने जिंकत गेला. एकही पराभव नव्हता. मग प्रादेशिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात गाठ पडली ती शेजारच्या वेस्ट चेस्टरशी, म्हणजे रश यांच्याच जुन्या महाविद्यालयाशी. ते सरकारी मदतीवर चालणारे, शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमासाठी नावाजलेले. तेथे सारे काही होते. इमॅक्युलाटाचा ७०-३८ असा धुव्वा उडाला. बत्तीस गुणांचा फरक हा नशिबाचा फेरा म्हणून सोडून देण्याजोगा नव्हता. अंतिम फेरी गाठल्यामुळे राष्ट्रीय स्पर्धेचा दरवाजा मात्र उघडा राहिला.

जावे की न जावे, हा प्रश्न पैशाचाही होता. महाविद्यालयाच्या तिजोरीत अशा प्रवासासाठी तरतूद नव्हती. मुलींनी दातांचे ब्रश विकले. मदतीची कुपने घेऊन दारोदार हिंडलेल्या आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना यातला संकोच वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. जमले तेवढ्यात आठ मुलींची सोय झाली.

नॉर्मल येथे पहिल्या सामन्यात साउथ डकोटा स्टेटवर ६०-४७ असा विजय मिळाला. दुसऱ्यात इंडियाना स्टेटशी झुंज झाली आणि ४९-४७ असे दोन गुणांनी निभावले. उपान्त्य फेरीत समोर होते मिसिसिपीचे मुलींचे राज्य महाविद्यालय, म्हणजे आदल्या वर्षीच्या निमंत्रित राष्ट्रीय स्पर्धेचे विजेते. तेथेही ४६-४३. या तीन सामन्यांतील आकडे पाहिले की, हा संघ कोणाला चिरडत पुढे गेला नाही हे कळते. आठ जणींच्या बळावर अवघ्या काही दिवसांत एवढे सामने काढायचे, दमलेल्या मुलींना आळीपाळीने बसवायचे आणि तरीही शेवटच्या मिनिटांत चेंडू हातचा जाऊ द्यायचा नाही, असा तो हिशेब होता.

१९ मार्चच्या अंतिम सामन्यात पुन्हा वेस्ट चेस्टर. या संघाविषयी दोन शब्द लिहिणे न्यायाचे होईल, कारण विजेत्यांच्या कथेत त्याचा उल्लेख केवळ हरलेला म्हणून येतो. महाविद्यालयीन मुलींची राष्ट्रीय स्पर्धा असावी ही कल्पना वेस्ट चेस्टरच्या प्रशिक्षिका कॅरोल एकमन यांनी प्रत्यक्षात आणली. १९६९ मध्ये त्यांनी आपल्याच महाविद्यालयात सोळा संघांना निमंत्रण देऊन पहिली स्पर्धा भरविली आणि ती जिंकलीही. त्यानंतरच्या दोन्ही वर्षी त्यांचा संघ अंतिम फेरीत आला आणि हरला. १९७२ ची ही त्यांची सलग चौथी अंतिम लढत. स्पर्धेला अधिकृत अजिंक्यपदाचा दर्जा मिळाला, तो मान समोर दिसत होता आणि प्रतिस्पर्धी होता आठवड्यापूर्वीच बत्तीस गुणांनी लोळविलेला शेजारी.

इमॅक्युलाटाने तो सामना ५२-४८ असा जिंकला. इतक्या थोड्या दिवसांत छत्तीस गुणांचे अंतर कसे कापले गेले याचे एकच एक उत्तर नाही. वेस्ट चेस्टरचा खेळ रश यांना आतून ठाऊक होता, आदल्या पराभवात कोणते डाव फसले ते ताजे होते, आणि त्या मुलींवर कोणाच्या अपेक्षांचे ओझे नव्हते. हंगामाचा जमाखर्च झाला चोवीस विजय आणि एक पराभव. महाविद्यालयाच्या अध्यक्षा सिस्टर मेरी ऑफ लूर्द यांना दूरध्वनीवरून वार्ता कळताच त्यांनी मुलींना परतीचा प्रवास विमानाच्या पहिल्या वर्गातून करण्यास सांगितले. ब्रश विकून गेलेल्या मुली रुंद खुर्च्यांत बसून परत आल्या, आणि फिलाडेल्फियाच्या विमानतळावर शेकडो माणसे त्यांची वाट पाहत उभी होती.

पुढील दोन्ही वर्षी अजिंक्यपद त्यांच्याकडेच राहिले. १९७३ च्या हंगामात तर एकही सामना गमावला नाही. १९७५ च्या जानेवारीत मेरिलँड विद्यापीठाविरुद्धचा त्यांचा सामना राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर दाखविला गेला. त्याच फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये क्वीन्स कॉलेजविरुद्ध त्या खेळल्या, तेव्हा सुमारे बारा हजार प्रेक्षक होते. त्या भव्य वास्तूत महिलांचा महाविद्यालयीन बास्केटबॉल सामना तोवर झाला नव्हता. मात्र १९७५ आणि १९७६ या दोन्ही वर्षी अंतिम फेरीत मिसिसिपीच्या डेल्टा स्टेटने त्यांना हरविले.

ओहोटीचे कारण खेळात नव्हते. नॉर्मलच्या विजयानंतर तीनच महिन्यांनी, २३ जून १९७२ रोजी, अमेरिकेत शिक्षणविषयक कायद्यावर सही झाली. सरकारी अनुदान घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेला लिंगभेद करण्यास त्याच्या नवव्या कलमाने मनाई केली. खेळांचा त्यात शब्दाने उल्लेख नव्हता. पण परिणाम तेथेच सर्वांत ठळक झाला. १९७३ मध्ये महिला खेळाडूंना शिष्यवृत्ती देण्यावरची बंदीही उठली. मोठी विद्यापीठे जागी झाली. त्यांच्याकडे क्रीडागृहे होती, पैसा होता, आणि आता मुलींना देण्यासाठी फी माफ करणारी शिष्यवृत्ती होती. कष्टकरी घरातली गुणी मुलगी ती सोडून टेकडीवरच्या तळघरात कशाला येईल? मुलींसाठी दार उघडणाऱ्या कायद्याने, जेथे ते दार आधीपासून किलकिले होते त्या लहान संस्थांना मागे टाकले. यात अन्याय झाला असे म्हणता येणार नाही. परंतु हळहळ वाटावी असे त्यात पुष्कळ आहे. रश यांनी १९७७ मध्ये प्रशिक्षण सोडले. सात हंगामांत १४९ विजय आणि १५ पराभव ही त्यांची नोंद आहे.

त्या तळघरातून निघालेल्या मुली स्वतः प्रशिक्षिका झाल्या. थेरेसा शँक यांनी रट्गर्स विद्यापीठाच्या संघाला १९८२ मध्ये अजिंक्यपद मिळवून दिले आणि १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या महिला संघाचे प्रशिक्षण केले. नॉर्मलच्या विजयानंतरच्या हंगामात संघात आलेल्या मॅरिऍन क्रॉफर्ड यांनी ओल्ड डोमिनियन विद्यापीठाला तीन अजिंक्यपदे मिळवून दिली. रीन म्यूथ यांनी पेन स्टेट विद्यापीठाचा संघ नावारूपाला आणला. तथापि समलिंगी खेळाडूंना संघात स्थान न देण्याच्या त्यांच्या धोरणावर तीव्र टीका झाली, विद्यापीठाने त्यांना दंड केला आणि २००७ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. स्वतः बंद दारांसमोर उभे राहिलेले माणूस इतरांसाठी दार बंद करणार नाही, असे गृहीत धरता येत नाही.

कॅथी रश यांचा २००८ मध्ये नेस्मिथ यांच्या नावाने स्प्रिंगफील्ड येथे उभारलेल्या बास्केटबॉल सन्मान दालनात समावेश झाला आणि २०१४ मध्ये त्यांच्या तिन्ही अजिंक्यपदांच्या संघाचा. कॅरोल एकमन १९८५ मध्ये कर्करोगाने वारल्या. अमेरिकेतील महिला बास्केटबॉल प्रशिक्षकांची संघटना त्यांच्या नावाने एक पुरस्कार देते. तो किती सामने जिंकले यावर दिला जात नाही. खिलाडूवृत्ती, सचोटी आणि विद्यार्थिनींविषयीची आस्था हे त्याचे निकष आहेत.