झेब्रा, क्वागा आणि खोटा ‘थ्रेड’

बसचा असतो तो ‘रूट’ आणि घरात वायफाय देतो तो ‘राउटर’. पहिला उच्चार ब्रिटिश वळणाचा, दुसरा अमेरिकी, पण शब्द एकच. त्याच्या मुळाशी लॅटिनमधले ‘रुप्ता’ आहे, म्हणजे फोडलेली, रान तोडून काढलेली वाट. (सुताराचा राउटर मात्र वेगळ्या कुळातला. त्याचे नाते नाकाडाने जमीन उकरण्याशी आहे.) आपला ‘मार्ग’ तोडण्यातून आला नाही, शोधण्यातून आला. संस्कृतात ‘मार्ग्’ म्हणजे शोधणे. मराठीतले ‘माग’, ‘मागणे’ आणि ‘मागे’ ही सगळी त्याच घरातली भावंडे. इंटरनेटवर वाटा ठरवणारे सॉफ्टवेअर काय करते हे पाहिले, की मला मराठी शब्दच अधिक नेमका वाटतो. ते काही फोडत नाही. शेजारच्या राउटरांशी बोलत राहते आणि कोणता पत्ता कोणाकडून गाठता येईल याचा माग काढते.

असले सॉफ्टवेअर मुक्त स्वरूपात सगळ्यांना मिळावे, या विचाराने कुनिहिरो इशिगुरो यांनी १९९६ मध्ये ‘झेब्रा’ लिहायला घेतला. प्रत्येक प्रोटोकॉलला, म्हणजे राउटरांच्या आपसांत बोलण्याच्या प्रत्येक नियमावलीला, स्वतंत्र प्रक्रिया, आणि सगळ्यांनी शोधलेल्या वाटा एकत्र करून ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला कळवणारी एक मधली प्रक्रिया, अशी त्याची रचना. पडद्याआड सतत चालणाऱ्या अशा प्रक्रियांना ‘डीमन’ म्हणतात. हा राक्षस नव्हे. मूळ ग्रीक ‘दाइमोन’ म्हणजे माणसाच्या पाठीशी असणारी अदृश्य शक्ती. आपल्या कोकणातला राखणदारच म्हणा ना.

‘झेब्रा’ या नावाचाही एक माग आहे. पोर्तुगाल-स्पेनच्या रानात पूर्वी गाढवासारखे एक जंगली जनावर होते, त्याला त्या भाषांत ‘झेब्रो’सारखी नावे होती. पोर्तुगीज दर्यावर्दी आफ्रिकेत पोहोचले, तिथले पट्टेरी जनावर पाहिले आणि घरचे नाव त्याला दिले. घरचे जनावर पुढे नामशेष झाले. नाव आफ्रिकेत राहिले.

सॉफ्टवेअरच्या झेब्र्याचे काम मंदावले तेव्हा त्याच्या कोडला फाटा फुटला. प्रोग्रॅमर याला ‘फोर्क’ म्हणतात. आपल्या हमरस्त्यावरचा ‘फाटा’ त्यासाठी अगदी तयार शब्द आहे आणि तो वापरायला हवा. या फाट्याचे नाव ठेवले ‘क्वागा’. क्वागा हा दक्षिण आफ्रिकेतला अर्धवट पट्ट्यांचा प्राणी, आणि त्याचे नाव म्हणजे त्याच्याच ओरडण्याची खोईखोई लोकांनी केलेली नक्कल. शेवटचा क्वागा १२ ऑगस्ट १८८३ रोजी ॲम्स्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला. १९८४ मध्ये जपून ठेवलेल्या कातड्याला चिकटलेल्या स्नायूंमधून त्याचा डीएनए वाचला गेला. नामशेष प्राण्याचा डीएनए वाचण्याची ती पहिलीच वेळ. क्वागा म्हणजे झेब्र्याचीच उपजात, हे पुढे पक्के झाले. कोडचे नाते आणि प्राण्याचे नाते इतके तंतोतंत जुळलेले दुसरे नाव मला माहीत नाही.

क्वागाही मंदावला. २०१७ मध्ये त्याच्या फाट्यातून ‘एफआरआर’ची पहिली आवृत्ती आली. या अक्षरांचा मूळ विस्तार ‘फ्री रेंज राउटिंग’. ‘फ्री रेंज’ म्हणजे मोकळ्या रानात चरणारे. एव्हाना इंटरनेट फुगले होते. झेब्र्याच्या जन्माच्या सुमारास जगभरच्या वाटांचा तक्ता चाळीस हजारांच्या आसपास होता, आज तो दहा लाखांच्या आसपास आहे. कोडमध्ये बदल करणे भागच होते. ज्या शेजाऱ्यांना एकसारखाच निरोप द्यायचा त्यांचा गट करून तो निरोप एकदाच तयार करायचा, अशी सोय झाली. शेजाऱ्यांकडून येणारी-जाणारी माहिती वाचण्या-लिहिण्याचे काम वेगळ्या थ्रेडवर गेले, गाभ्याला वाटा कळवण्याचे कामही गेले.

आणि इथेच एक शब्द आडवा आला. थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये खरोखर समांतर चालणारा कामाचा धागा. पण झेब्र्याच्या काळापासून या कोडमध्ये ‘थ्रेड’ हे नाव भलत्याच गोष्टीला दिलेले होते: ‘अमुक सेकंदांनी हे काम कर’, ‘तिकडून माहिती आली की ते फंक्शन चालव’ अशा रांगेतल्या नोंदीला. त्या नोंदी एकामागून एक चालत, समांतर नव्हे. खरे थ्रेड आले तेव्हा एकाच कोडमध्ये दोन अर्थांचे ‘थ्रेड’ नांदू लागले. वाचणाऱ्याने काय समजायचे? इथे दोन धागे एकाच वेळी एका माहितीला हात घालतील का, तिला कुलूप लागेल का, हे नावावरून कळेना. २०२३ मध्ये त्या जुन्या ‘थ्रेड’चे नाव प्रकल्पभर बदलून ‘इव्हेंट’ केले गेले. फायलींची नावे बदलली, फंक्शनांची बदलली. वेग यत्किंचितही वाढला नाही. तरीही वेगासाठी केलेल्या कित्येक बदलांपेक्षा मी या बदलाला वरचे स्थान देतो. चुकीच्या नावावर उभे राहून पुढचा वेग वाढवायला जाणारा माणूस चुकतोच.

वाटा ठरवणारेच दुसरे सॉफ्टवेअर म्हणजे ‘बर्ड’. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात विद्यार्थी-प्रकल्प म्हणून सुरू झालेल्या या ‘बर्ड’ची वाट वेगळी होती. त्याच्या २.० आवृत्तीने २०१७ मध्ये आयपीच्या चौथ्या आणि सहाव्या आवृत्तीसाठीचे दोन स्वतंत्र प्रोग्रॅम एकत्र केले. समांतर थ्रेड यायला डिसेंबर २०२४ मधली ३.० आवृत्ती उजाडावी लागली.

‘आवृत्ती’ आणि ‘व्हर्जन’ हे शब्दही दूरचे नातेवाईक आहेत. संस्कृत ‘वृत्’ आणि लॅटिन ‘वेर्तेरे’, दोन्ही वळण्याचेच धातू. ‘वृत्’वरून ‘वर्त्मन्’ झाले, आणि त्यावरून आपली ‘वाट’. नावांत असा माग दडलेला असतो. म्हणून एखाद्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आणि तिच्यातल्या बदलांची यादी हाती पडली, तर किती टक्के वेग वाढला एवढेच पाहून ती मिटू नका. ‘नाव बदलले’ असे जिथे लिहिले असेल, ती ओळ आधी वाचा.