बोरकूट : एका पावडरीचा जुना इतिहास

वर्धा नदीच्या काठावरचं कौंडण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर. अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यातल्या या गावात कार्तिकात यात्रा भरते. त्याच सुमारास घरोघर तुळशीचं लग्न लागतं आणि तुळशीपुढे ऊस, आवळा आणि बोरं ठेवली जातात. तेव्हा बोरं अजून कच्चीच असतात. ती खरी पिकतात पौषात. संक्रांतीच्या सुगडात जातात, बोरनहाणात लहान मुलाच्या डोक्यावरून ओतली जातात. उरलेली धाब्यावर वाळत पडतात आणि त्यांचं बोरकूट होतं.

हल्ली मोबाइलवर 'अँटीऑक्सिडंटयुक्त बेरी पावडर'च्या जाहिराती सारख्या दिसतात. सकाळी एक चमचा कोमट पाण्यात, दुपारी दह्यात, संध्याकाळी स्मूदीत. फळ परदेशी, पाकीट देखणं, किंमत भारी. वऱ्हाडात शाळेच्या फाटकाशी चिंचा-आवळ्यांच्या शेजारी जे बोरकूट मिळत आलं, तीही फळाची पावडरच. (वनस्पतिशास्त्राच्या काटेकोर व्याख्येत बोर 'बेरी'त बसत नाही, कारण त्यात एकच टणक आठोळी असते. पण त्या व्याख्येत स्ट्रॉबेरीही बसत नाही.) तेव्हा या पावडरीचा इतिहास आपल्या बाजूने तपासायला हरकत नाही.

तो बराच मागे जातो. कौंडण्यपूरचं उत्खनन साठच्या दशकात मोरेश्वर दीक्षित यांनी केलं आणि त्याचा अहवाल 1968 साली निघाला. महापाषाण काळापासून सातवाहनांपर्यंतच्या वस्तीचे थर तिथे मिळाले. त्याहूनही आधीच्या, ताम्रपाषाण काळातल्या शेतकऱ्यांच्या ताटात काय होतं, हे पुणे जिल्ह्यातलं इनामगाव आणि नर्मदाकाठचं नावडातोली सांगतं. गहू, मसूर यांसारख्या धान्या-कडधान्यांबरोबर दोन्ही ठिकाणी बोरांचे जळून कोळसा झालेले अवशेष सापडले. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वी, शेती चांगली रुळल्यावरही माणसं बोरं गोळा करत होती.

वाजसनेयी संहितेत सौत्रामणी यागाच्या संदर्भात कुवल, कर्कंधू आणि बदर अशी बोरांची तीन नावं येतात आणि बदराचं नातं सक्तूशी, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या पिठाशी जोडलेलं आहे. पण बोरांच्या पावडरीचा सर्वात स्पष्ट उल्लेख पाली साहित्यात आहे. मज्झिमनिकायातल्या 'महासीहनाद सुत्ता'त बुद्ध सारिपुत्ताला काही श्रमण-ब्राह्मणांबद्दल सांगतात. आहाराने शुद्धी होते, असं त्यांचं मत. म्हणून ते फक्त बोरांवर जगतात. बोरं खातात, बोरांचं चूर्ण खातात, बोरांचं पाणी पितात. मूळ शब्द आहे 'कोलचुण्ण'. कोल म्हणजे बोर, चुण्ण म्हणजे चूर्ण. सरळ मराठीत बोरकूट!

पुढचा भाग आणखी महत्त्वाचा. बुद्ध सांगतात की मीही एका बोरावर दिवस काढला आहे. त्या काळी बोरं मोठी असतील असं समजू नकोस, ती आजच्याएवढीच होती. त्या आहाराने शरीर कसं खंगलं, डोळे कसे खोल गेले, पोटाची कातडी पाठीच्या कण्याला कशी चिकटली, याचं वर्णन येतं. आणि एवढं करूनही श्रेष्ठ ज्ञान मिळालं नाही, असा निष्कर्ष. एकाच पदार्थाने देह आणि मन शुद्ध होईल ही आशा किमान दोन हजार वर्षं जुनी आहे, आणि तिच्यावरची शंकाही तितकीच जुनी.

मग बोरकूट कशासाठी होतं? उत्तर झाडात आहे. बोरीची मुळं खोल जातात. धुऱ्यावर कोणी पाणी न घालता ती जगते, पावसाळ्यानंतर मुरलेल्या ओलीवर फळते, उन्हाळ्यात पानं टाकते. पाऊस कमी झाला तरी थोडंफार देतेच. अडचण एवढीच, की फळ हिवाळ्यात येतं आणि टंचाई उन्हाळ्यात टोचते. बोरं खडखडीत वाळवून, उखळात कुटून, आठोळ्या चाळून काढल्या की पौषातलं फळ वैशाखापर्यंत पोचतं. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांनी होरपळलेल्या वऱ्हाडात अशा रानफळांचं मोल वेगळं सांगायला नको.

आता पोषणाचा हिशेब. ताज्या बोरात संत्र्यापेक्षा जास्त क जीवनसत्त्व असतं, हे संत्र्याच्या अमरावतीत सांगताना जरा मजा वाटते. पण हे जीवनसत्त्व ऊन, हवा आणि उष्णतेने घटतं. वाळवल्यावर पॉलिफेनॉल त्यापेक्षा बरे टिकतात, तंतू टिकतात आणि साखर दाट होते. गरात ऐंशी टक्के पाणी धरलं, तर पाच किलो गराची जेमतेम किलोभर पावडर होते. म्हणजे चमचाभर बोरकूट हे चार-पाच चमचे गरच, त्यातलं काही गमावलेलं. अँटीऑक्सिडंटच्या आकड्यांबद्दल सांगायचं, तर अमेरिकेच्या कृषी खात्याने अन्नपदार्थांच्या 'ओरॅक' मूल्यांची यादी 2012 मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकली. परीक्षानळीतल्या त्या आकड्यांचा शरीरावरच्या परिणामाशी संबंध सिद्ध होत नव्हता आणि कंपन्या ते जाहिरातीत सर्रास वापरत होत्या.

याचा अर्थ बोरकूट टाकाऊ असा नाही. मीठ-तिखट घालून चाखायला, गुळाबरोबर गोळी करायला, चटणीला आंबटपणा द्यायला, उन्हाळ्यात सरबतात घालायला ते उत्तम आहे. फक्त भाकरी, वरण आणि भाजीची जागा ते घेत नाही. आपल्या लोकांनीही ती जागा त्याला कधी दिली नव्हती. जिथे लेकराचं वजन भरत नाही, तिथे आधी पोटभर जेवण लागतं. पावडरीने तिथे काही भागत नाही.

काळजी वाटते ती झाडाची. परदेशी बेरीचं पाकीट घरपोच येतं. धुऱ्यावरची बोर मात्र ट्रॅक्टर वळायला आड येते म्हणून तोडली जाते. बोरकुटाला उद्या देखणं पाकीट मिळेलही. त्यात भरायला बोरं हवीत, तर यंदा ती बोर राहू द्यावी.