कॉकपिटमधील अधिकाराची उतरंड

कॉकपिटमधील अधिकाराची उतरंड म्हणजे प्रवासी विमानाचा कॅप्टन (मुख्य वैमानिक) आणि फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) यांच्यातील अधिकार, अनुभव व मान यांचे अंतर होय. हे अंतर फार वाढल्यास सहवैमानिक चूक दिसूनही गप्प राहतो. अगदीच नाहीसे झाल्यास निर्णय कोणी घ्यायचा हे अस्पष्ट होते.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार विमानाविषयीचा अंतिम निर्णय कॅप्टनचा असतो. सहवैमानिक हा शिकाऊ मदतनीस असतो, हा समज मात्र चुकीचा आहे. तो परवानाधारक वैमानिक असून दोघे आळीपाळीने विमान चालवतात. जो चालवत नाही, तो देखरेख ठेवतो.

अपघात

२७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफ येथे दोन बोइंग ७४७ विमानांची धावपट्टीवर टक्कर होऊन ५८३ जण मृत्युमुखी पडले. केएलएमच्या कॅप्टनने परवानगीविना उड्डाण सुरू केले होते. धावपट्टी मोकळी झाली आहे का, अशी शंका फ्लाइट इंजिनिअरने विचारली. कॅप्टनने ती ठामपणे फेटाळली. हा कॅप्टन कंपनीचा ज्येष्ठ प्रशिक्षक होता आणि सोबतच्या सहवैमानिकाची ७४७ साठीची पात्रता चाचणी त्यानेच काही आठवड्यांपूर्वी घेतली होती. परीक्षकाला टोकणे किती अवघड असते, हे यावरून लक्षात यावे.

भारतात २२ मे २०१० रोजी मंगळूर येथे एअर इंडिया एक्सप्रेसचे दुबईहून आलेले विमान धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले व १६६ पैकी १५८ जण मरण पावले. कॅप्टन प्रवासात बराच वेळ झोपला होता. विमान प्रमाणापेक्षा उंच आहे हे ओळखून सहवैमानिकाने उतरणे रद्द करण्यास तीनदा सांगितले, पण कॅप्टनने ऐकले नाही. सहवैमानिकाने नियंत्रण मात्र हाती घेतले नाही. तसे करण्याचा अधिकार त्याला आहे का, याविषयीच्या सूचनांमधील संदिग्धता हे त्याचे संभाव्य कारण चौकशी अहवालात नोंदवले आहे. म्हणजे येथे सहवैमानिक गप्प नव्हता. बोलण्यापुढचे पाऊल कोणी टाकायचे, हे नियमांतच स्पष्ट नव्हते.

उपाययोजना

१९७८ मध्ये पोर्टलंडजवळ इंधन संपून युनायटेड एअरलाइन्सचे विमान कोसळले. त्यानंतर 'क्रू रिसोर्स मॅनेजमेंट' या प्रशिक्षणाला चालना मिळाली. त्यात सहवैमानिकाला स्पष्ट बोलण्याचे आणि कॅप्टनला ऐकून घेण्याचे शिक्षण दिले जाते. दुसरा भाग अधिक कठीण समजला पाहिजे. अनेक कंपन्यांत दोन इशाऱ्यांना उत्तर न मिळाल्यास सहवैमानिकाने नियंत्रण घ्यावे, असा नियम आहे.