खोडदची रेडिओ दुर्बीण आणि वीजपुरवठ्यातील गोंगाटाचे मोजमाप : जुन्नर व आंबेगाव परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक :

जुन्नर तालुक्याचा इतिहास म्हटला की शिवनेरी, नाणेघाट आणि सातवाहनकालीन लेणी यांचा उल्लेख क्रमप्राप्त ठरतो. याच तालुक्यातील खोडद येथे विसाव्या शतकाच्या अखेरीस 'जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप' म्हणजेच जीएमआरटी उभी राहिली. तिच्यावरील लेखन प्रामुख्याने तबकड्यांची भव्यता आणि खगोलशास्त्रीय शोध यांभोवती फिरते. परंतु या दुर्बिणीचा आणखी एक इतिहास आहे. तो विजेच्या तारांतून, रोहित्रांतून आणि उपकरणांच्या पॉवर सप्लायमधून निघणारा गोंगाट ओळखण्याचा, मोजण्याचा व रोखण्याचा इतिहास होय. प्रस्तुत लेखात त्याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

गोंगाटाच्या अभ्यासाची पार्श्वभूमी :

येथे गोंगाट म्हणजे कानाला ऐकू येणारा आवाज नव्हे, तर हव्या असलेल्या विद्युतसंकेतात मिसळणारे नको असलेले चढउतार. 1928 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी कोणत्याही विद्युतरोधात केवळ उष्णतेमुळे गोंगाट निर्माण होतो हे प्रयोगाने व सिद्धांताने दाखवून दिले. त्याच संस्थेतील कार्ल जान्स्की रेडिओ-दूरध्वनीत येणाऱ्या खरखरीचे कारण शोधत होते. त्यातील एक मंद खरखर आकाशगंगेकडून येते, असे त्यांनी 1933 मध्ये जाहीर केले. रेडिओ खगोलशास्त्राचा जन्म अशा प्रकारे गोंगाटाच्या मोजमापातूनच झाला, ही बाब लक्षणीय आहे.

भारतात या शास्त्राची पायाभरणी प्रा. गोविंद स्वरूप (1929–2020) यांनी केली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या वतीने 1965 साली कल्याण येथे 32 लहान तबकड्यांची दुर्बीण आणि 1970 साली उटी येथे 530 मीटर लांबीची दुर्बीण उभारण्यात आली. त्यापुढचा टप्पा म्हणजे खोडद होय.

खोडदची निवड :

जीएमआरटीमध्ये प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. त्यांपैकी 14 खोडदजवळच्या सुमारे एक चौरस किलोमीटर क्षेत्रात, तर उरलेल्या 16 इंग्रजी 'वाय' आकाराच्या तीन भुजांवर असून सर्वांत दूरच्या तबकड्यांमधील अंतर सुमारे 25 किलोमीटर आहे. मानवनिर्मित रेडिओ गोंगाटाचे अल्प प्रमाण, सभोवतालच्या डोंगरांचा आडोसा आणि पुण्याची सोयीची जवळीक या कारणांमुळे हे स्थळ निवडले गेले. 4 ऑक्टोबर 2001 रोजी ही दुर्बीण राष्ट्राला अर्पण करण्यात आली.

तथापि, हा परिसर निर्जन नव्हता. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगाव तालुक्यातील डिंभे या पाच धरणांच्या कुकडी प्रकल्पाने येथील शेतीचे रूप पालटले. पाण्यापाठोपाठ कृषिपंप, उच्चदाब वाहिन्या आणि प्रत्येक शिवारात 'डीपी' आली. म्हणजे ज्या दशकांत दुर्बिणीला शांतता हवी होती, त्याच दशकांत शेतकऱ्याला वीज हवी होती. दोन्ही गरजा तितक्याच रास्त होत्या.

वीजवाहिन्यांतील गोंगाट :

वीजवाहिनीवरील सैल झालेला जोड, तडकलेले इन्सुलेटर अथवा गंजलेला खिळा यांत सूक्ष्म फट राहते. आपल्या 50 हर्ट्झच्या पुरवठ्यात व्होल्टता एका आवर्तनात दोनदा शिखरावर पोचते आणि प्रत्येक शिखराच्या आसपास त्या फटीत ठिणगी पडते. त्यामुळे सेकंदाला 100 वेळा, म्हणजे दर 10 मिलिसेकंदांनी, रेडिओ लहरींचा झटका बाहेर पडतो. हा झटका एका वारंवारितेपुरता मर्यादित नसून शेकडो मेगाहर्ट्झपर्यंत पसरतो. पल्सार ताऱ्यांचे संकेतही असेच नियमित स्पंदनांच्या रूपात येत असल्याने 50 हर्ट्झ व तिच्या पटीतील आवर्तने वेगळी काढणे संशोधकास अनिवार्य ठरते.

या गोंगाटाचा उगम दिशादर्शी अँटेना आणि स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर यांच्या साह्याने शोधता येतो. उगम सापडला की अनेकदा उपाय अगदी साधा असतो : जोड आवळणे, इन्सुलेटर बदलणे. खगोलशास्त्राचे हे काम अखेर खांबावर चढणाऱ्या वायरमनच्या हातात येते.

पॉवर सप्लायमधील गोंगाट :

दुसरा शत्रू घरातलाच आहे. जुन्या पद्धतीच्या पॉवर सप्लायमध्ये पूर्ण-लहर एकदिशीकरणानंतर 100 हर्ट्झचा तरंग उरतो. आधुनिक स्विचिंग पद्धतीचे सप्लाय सेकंदाला हजारो ते लाखो वेळा चालू-बंद होतात व त्यांचे गुणित तरंग दुर्बिणीच्या पट्ट्यापर्यंत पोचू शकतात. म्हणून अशी उपकरणे धातूच्या बंद पेटीत ठेवणे व वायरींवर गाळण्या बसवणे आवश्यक असते.

असा गोंगाट मोजतानाही दक्षता लागते. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत सीआरओच्या प्रोबची लांब भू-वायर स्वतःच अँटेनासारखी वागते आणि नसलेला गोंगाट पडद्यावर दाखवते. भू-जोडणी आखूड ठेवणे, डीसी भाग वगळून केवळ चढउतार पाहणे आणि पुरवठा बंद असतानाचे वाचन आधी नोंदवणे ही पथ्ये पाळल्याशिवाय मोजमाप विश्वसनीय ठरत नाही. मोजणारे साधन मोजल्या जाणाऱ्या वस्तूत भर घालते, हा धडा इतिहासाच्या अभ्यासकालाही नवा नाही.

शांततेचे मोल :

या दक्षतेचे फलित स्पष्ट आहे. ऑक्टोबर 2016 मध्ये मंगळावर उतरणाऱ्या युरोपीय 'स्कियापारेल्ली' यानाचा अतिक्षीण संकेत खोडद येथे टिपला गेला. पुढे अद्ययावत झालेल्या दुर्बिणीत 120 ते 1450 मेगाहर्ट्झपर्यंतचा बहुतांश पट्टा उपलब्ध झाला आणि वीजवाहिन्यांचे झटके संकेत घेतानाच गाळणारी प्रणाली विकसित करण्यात आली. 2023 साली जाहीर झालेल्या, अतिमंद गुरुत्वीय लहरींच्या पुराव्यातही येथील निरीक्षणांचा वाटा होता.

परंतु शांततेची किंमत कोण मोजतो, हाही प्रश्न आहे. चाकण, मंचर, नारायणगावमार्गे आखलेला पुणे-नाशिक रेल्वेमार्ग जीएमआरटीच्या कामात बाधा येईल या कारणास्तव स्वीकारार्ह नसल्याची भूमिका रेल्वे मंत्रालयाने 2025 साली घेतली. अनेक वर्षे रेल्वेची वाट पाहणाऱ्या जुन्नर-आंबेगावकरांची नाराजी समजण्याजोगी आहे.

समारोप :

जीएमआरटीचा इतिहास हा केवळ शास्त्रज्ञांचा इतिहास नाही. विजेची गरज असलेला शेतकरी, जोड आवळणारा वायरमन आणि रेल्वेविना राहिलेला प्रवासी हेही त्याचे घटक आहेत. दुर्बिणीला लागणारी शांतता मेगाहर्ट्झमध्ये मोजली गेली. तिच्यासाठी परिसराने काय दिले, याची मोजदाद अद्याप व्हावयाची आहे. स्थानिक महाविद्यालयांतील इतिहास व इलेक्ट्रॉनिक्स विभागांनी एकत्र येऊन मौखिक नोंदी आणि प्रत्यक्ष मोजमापे यांच्या आधारे हे काम हाती घेतल्यास ते दोन्ही विद्याशाखांना उपकारक ठरेल.