अबोल मुलांची भाषा : खेळ

मोठी माणसे आपले दुःख बोलून हलके करतात. लहान मुलांपाशी त्यासाठी पुरेसे शब्द नसतात. मनातले सल ती खेळातून व्यक्त करतात. प्ले थेरपी, म्हणजेच क्रीडोपचार, याच तत्त्वावर आधारलेली आहे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी कार्ल रॉजर्स यांच्या विचारांच्या आधारे ही पद्धत विकसित केली. १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्ले थेरपी' या ग्रंथात त्यांनी तिची आठ तत्त्वे मांडली. मुलाशी आपुलकीचे नाते जोडणे, ते आहे तसे स्वीकारणे, खेळाची दिशा त्यालाच ठरवू देणे आणि घाई न करणे, ही त्यांतील काही. उपचारक प्रश्नांची सरबत्ती करीत नाही. मुलाच्या खेळातील राग, भीती ओळखून ती साध्या शब्दांत त्याच्यापुढे ठेवतो. मर्यादा मोजक्याच, पण ठाम असतात : ठरलेली वेळ पाळायची, कुणाला इजा करायची नाही.

डिब्जची कहाणी

ॲक्सलाइन यांच्या १९६४ च्या 'डिब्ज' या पुस्तकातील मुलाचे नाव बदललेले आहे. सुशिक्षित, सुखवस्तू घरातील हा पाच वर्षांचा मुलगा शाळेत कुणाशी बोलत नसे, टेबलाखाली दडून बसे. तो मतिमंद असावा, अशी शंका होती. खेळघरात आठवड्यातून एक तास त्याला वाळू, रंग, बाहुल्या आणि बाहुलीघर मिळाले. वडील म्हणून कल्पिलेले खेळणे त्याने वाळूत पुरले. त्याला कुणी रागावले नाही. राग असा वाट काढत गेला, तसतसा तो मोकळा होत गेला. उपचारांनंतरच्या चाचणीत त्याचा बुद्ध्यंक १६८ आला. उणीव बुद्धीची नव्हती. निर्धास्तपणे व्यक्त होण्याच्या जागेची होती. त्याच्या आईनेही ॲक्सलाइन यांच्यापाशी मन मोकळे केले आणि घरातील ताण निवळू लागला.

पालकांनी काय करावे?

प्रत्येक मुलात असा बदल होईलच, असे नाही. अबोलपणामागे श्रवणदोष, स्वमग्नता किंवा एखादा आघातही असू शकतो. म्हणून प्रथम बालरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी आणि मग प्रशिक्षित उपचारकाकडे जावे. घरी मात्र रोज थोडा वेळ मुलासोबत जमिनीवर बसावे. त्या वेळात शिकवू नये, चुका काढू नयेत, मोबाइल दूर ठेवावा. काय खेळायचे, हे मुलानेच ठरवावे.