अस्सल कशास म्हणावें? : जुन्या शर्यतीच्या मोटारगाड्यांच्या जीर्णोद्धारासंबंधीं कांहीं विचार

कोल्हापूर जिल्ह्यांतील शाहूवाडी तालुक्यांत जी दोन स्थळें महाराष्ट्राच्या इतिहासांत अजरामर झालीं आहेत, त्या दोहोंचींहि सांप्रतचीं नांवें मूळचीं नाहींत. विशाळगडाचें जुनें नांव खेळणा. शिवछत्रपतींनीं गड घेतल्यावर तो विशाळगड झाला. १७०२ सालीं औरंगजेबानें तो हस्तगत केला, तेव्हां त्याचें नांव सख्खरलाना असें ठेवण्यांत आलें; पण तें लोकांच्या तोंडीं रुळलें नाहीं. गडाच्या वाटेवरील घोडखिंड १६६० च्या जुलैंत बाजीप्रभूंच्या रक्तानें पावनखिंड झाली. आतां कोणी म्हणेल कीं, 'अस्सल' नांव घोडखिंड आहे, सबब तेंच पुन्हां चालू करावें. तर असा शुद्धतावादी इतिहासाची सेवा करील कीं इतिहास पुसून टाकील? ज्या घटनेमुळें त्या खिंडीकडे आपण वळून पाहतों, ती घटनाच त्याच्या शुद्धीकरणांत नाहींशी होईल.

हा प्रश्न येथें उपस्थित करण्याचें कारण निराळें आहे. जुन्या मोटारगाड्या, विशेषतः शर्यतीच्या व वेगवान क्रीडागाड्या, हा अलीकडे पुराणवस्तुसंग्रहाचा एक महत्त्वाचा भाग होऊन बसला आहे. अशा गाड्या जशा सांपडल्या तशाच जपाव्या, कीं कारखान्यांतून बाहेर पडल्या त्या दिवशींच्या रूपास न्याव्या, यावर युरोप-अमेरिकेंत मोठा वाद चालतो. पोथ्या, सनदा व बखरी यांत आयुष्य घालविणाऱ्या आमच्या वाचकांस हा विषय प्रथमदर्शनीं परका वाटेल. परंतु वाद मुळांत आपलाच आहे. फक्त कागदाच्या जागीं पत्रा व शाईच्या जागीं रंग आला आहे इतकेंच.

मराठी संस्थानिकांच्या गाड्यांचीं दोन उदाहरणें प्रथम घेऊं. कोल्हापुरास राजाराम महाराजांच्या कारकीर्दींतील मेबॅक गाडी छत्रपति घराण्याकडे आहे. दसऱ्याच्या सीमोल्लंघनास ती दसरा चौकांत येते व हजारों लोक तिचें दर्शन घेतात. मेबॅकचा कारखाना जर्मनींतील फ्रीड्रिखशाफेन येथें होता. तेथें झेपेलिन विमाननौकांचींहि यंत्रें तयार होत. १९२१ ते १९४१ या वीस वर्षांत या कारखान्यानें सुमारें १,८०० गाड्याच केल्या. कारखाना फक्त सांगाडा व यंत्र तयार करी. वरील देह बांधण्याचें काम बहुधा राव्हेन्सबुर्ग येथील स्पोन यांच्यासारखे स्वतंत्र कारागीर करीत. म्हणजे अशी गाडी जन्मतःच दोन हातांची कृति असे.

दुसरें उदाहरण इंदूरचें. यशवंतराव होळकर (दुसरे) यांनीं १९३५ च्या सुमारास अमेरिकेंतील ड्यूसेनबर्ग कारखान्याचा सांगाडा घेऊन त्यावर लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडून दोन आसनांचा वेगवान देह बांधवून घेतला आणि ती गाडी होळकरी भगव्या-काळ्या रंगांत रंगविण्यांत आली. पुढें ही गाडी अमेरिकेंत गेली. एक गाडी आपल्या गांवीं, आपल्या उत्सवांत राहिली. दुसरी परदेशीं संग्राहकांच्या हातीं गेली. पहिलीस वापराची झीज सोसावी लागते. दुसरीस मायभूमीचा व मूळ परिसराचा वियोग. एकच वस्तु दोन प्रकारें आपला पुरावा गमावूं शकते, हें यावरून दिसतें.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. 'अस्सल' हा शब्द आपण एकाच अर्थानें वापरतों असें वाटतें. पण वस्तुतः त्याचे तीन अर्थ आहेत. वस्तु निर्माण झाली तेव्हांचें रूप, हें पहिलें. ज्या प्रसंगामुळें ती इतिहासांत आली त्या प्रसंगींचें रूप, हें दुसरें. आणि काळाचे सर्व घाव सोसून ती आपल्या हातीं आली तें रूप, हें तिसरें. सामान्य प्रवासी गाडींत पहिल्या दोहोंत फारसें अंतर नसतें. शर्यतीच्या गाडीची गोष्ट वेगळी. ती कारखान्यांतून निघाल्यापासून बदलतच असते. एका शर्यतींत यंत्र फुटलें तर पुढच्या शर्यतीस दुसरें बसवावें. वजन कमी करण्यासाठीं चाकांवरील पत्रे काढावे. अपघातांत देह मोडला तर नवा बांधावा. हा तिचा भ्रष्टपणा नव्हे. हाच तिचा जीवनक्रम होय.

याचें प्रसिद्ध उदाहरण म्हणजे 'ओल्ड नंबर वन' या नांवाची बेंटले गाडी. हिनें फ्रान्सांतील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत १९२९ व १९३० अशीं लागोपाठ दोन वर्षें जिंकली. त्यानंतर तिच्यांत मोठे फेरफार झाले. १९३२ सालीं आठ लिटरचें मोठें यंत्र बसवून ती इंग्लंडांतील ब्रुकलँड्सच्या शर्यतींत उतरली असतां क्लाइव्ह डन्फी हा चालक अपघातांत मृत्यु पावला. पुढें तिच्यावर बंद देह चढवून ती रस्त्यावरील गाडी झाली. हिच्या विक्रीचा एक कोटि पौंडांचा करार झाला. पण खरेदीदारानें ही ती गाडीच नव्हे अशी हरकत घेतली. १९९० सालीं लंडनच्या न्यायालयांत निकाल झाला. १९२९ च्या गाडीचा फारच थोडा भाग शिल्लक आहे, हें न्यायमूर्ति ऑटन यांस मान्य होतें. तथापि गाडी कधीं नाहींशी झाली नाहीं, तिची परंपरा अखंड चालू राहिली, सबब ती प्रामाणिकपणें 'ओल्ड नंबर वन' म्हणविण्यास पात्र आहे, असा निर्णय त्यांनीं दिला. हा निर्णय वाचतांना आपल्यास वंशावळीच्या खटल्यांचें स्मरण झाल्याशिवाय राहत नाहीं. पिढ्या बदलल्या, माणसें बदललीं, पण घराणें तेंच. फक्त मधली एकहि पिढी तुटतां कामा नये.

याच्या उलट टोंकास आणखी एक गाडी आहे. १९२५ ची एक बुगाटी ब्रेशिया गाडी स्वित्झर्लंड-इटलीच्या सरहद्दीवरील माज्जोरे सरोवराच्या तळाशीं सुमारें सत्तर वर्षें पडून होती. २००९ च्या जुलैंत तिला वर काढण्यांत आलें. एक बाजू चिखलांत असल्यामुळें बरीच टिकली होती. दुसरी गंजून विरली होती. जानेवारी १९१० नव्हे, तर २०१० मध्यें पॅरिसच्या लिलावांत हा गंजका सांगाडा २,६०,५०० युरोंस विकला गेला, आणि घेणाऱ्या अमेरिकन संग्राहकानें तो दुरुस्त न करतां तसाच प्रदर्शनांत ठेवला. हा निर्णय योग्य होता असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे. नवे भाग घालून तिला चालती केली असती, तर जगांत आणखी एक ब्रेशिया झाली असती. परंतु सरोवरांतील एकमेव ब्रेशिया नष्ट झाली असती.

मग जीर्णोद्धार मुळींच करूं नये काय? असें म्हणतां येत नाहीं. पोथीच्या संपादनांत आपण हा प्रश्न केव्हांच सोडविला आहे. कसरीनें खाल्लेल्या जागीं संपादक आपल्या मनचीं अक्षरें घालीत नाहीं. तो जागा रिकामी सोडतो, अगर अनुमान कंसांत देतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची जी चिकित्सित आवृत्ति काढिली व १९६६ सालीं पुरी केली, तींत संशयित पाठाखालीं नागमोडी रेघ दिली आहे आणि गाळलेले श्लोक तळटीपांत व परिशिष्टांत जपून ठेविले आहेत. संपादकांनीं पाठ ठरविला, पण पुरावा जाळला नाहीं. पुढच्या संशोधकास निर्णय फिरविण्याची मुभा ठेविली. जीर्णोद्धाराचें सारें नीतिशास्त्र या एका गोष्टींत आलें.

वास्तूंच्या बाबतींत १९६४ च्या व्हेनिस सनदेनें हेंच तत्त्व मांडलें : जेथें अनुमान सुरू होतें तेथें जीर्णोद्धारानें थांबावें, व नवा घातलेला भाग जुन्यापासून ओळखूं यावा. पुढें जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानें २०१२ मध्यें वाहनांसाठीं अशीच सनद तयार केली. तींत जपणूक, संधारण व जीर्णोद्धार या पायऱ्या वेगळ्या मानून, शक्य तितका कमी हस्तक्षेप करण्याचा व केलेल्या कामाची नोंद ठेवण्याचा उपदेश आहे.

या मताविरुद्ध एक सबळ आक्षेप आहे, व तो टाळतां येत नाहीं. मोटारगाडी ही धांवण्यासाठीं केलेली वस्तु आहे. ती उभी ठेवली कीं रबर फुटतें, तेल आटतें, दट्ट्या नळकांड्यांत अडकतो. न वाजविलेल्या सतारीप्रमाणें न धांवणारी गाडी अर्धी मेलेलीच असते. शिवाय कोल्हापूरच्या दसऱ्यांत मेबॅक येते, ती केवळ यंत्र म्हणून नव्हे; एका चालू परंपरेचा भाग म्हणून. तिला कांचेच्या पेटींत ठेवणें म्हणजे तिचा अर्थच काढून घेणें होय.

या आक्षेपाचें उत्तरहि कोल्हापुरांतच आहे. करवीरनिवासिनी अंबाबाईच्या मूर्तीची अभिषेकादि उपचारांनीं झीज होत गेली. १९५५ मध्यें वज्रलेप व २०१५ मध्यें पुरातत्त्व खात्याकडून रासायनिक संधारण करावें लागलें, आणि त्यावर बराच वादहि झाला. परंतु पालखींतून निघते ती उत्सवमूर्ति. मूळ मूर्ति गाभाऱ्यांत राहते. मूळमूर्ति व उत्सवमूर्ति हा भेद आमच्या पूर्वजांनीं शतकांपूर्वींच केला. तोच गाडीच्या अंगोपांगांस लावावा. धांवण्यानें झिजणारे भाग, जसे चाकांचे टायर, तारा, पट्टे, लागल्यास दट्ट्येसुद्धां, उत्सवापुरते नवे घालावे. त्यांवर घडविल्याचें साल कोरावें. आणि काढलेले जुने भाग चिठ्ठी लावून कपाटांत जपावे. सांगाड्यावरील व यंत्रावरील ठोकलेले क्रमांक, देह बांधणाऱ्याची पाटी, आणि मूळ रंगाचे थर यांस मात्र हात लावूं नये. रंगाचे थर हे दप्तरांतील रुमालांप्रमाणें असतात. एकाखालीं एक उघडत गेल्यास मालक, प्रसंग व काळ हातीं लागतात. ते खरवडून चकचकीत नवा रंग देणें म्हणजे रुमाल जाळून वर कोरें कापड बांधणें होय.

हा विचार आतां केवळ हौशी लोकांपुरता राहिलेला नाहीं. २०२१ च्या जुलैंत भारत सरकारनें मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी दुचाकी-चारचाकी गाड्यांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. गाडी मूळ रूपांत राखलेली असावी व तिचा सांगाडा, देह अगर यंत्र यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी त्यांत अट आहे. नोंदणीचें शुल्क २०,००० रुपये असून मुदत दहा वर्षांची आहे. हेतु स्तुत्य आहे. परंतु 'मूळ रूप' म्हणजे वर सांगितलेल्या तीन रूपांपैकीं कोणतें? शर्यतींत यंत्र बदललेली गाडी, जिचा तो बदल हाच इतिहास आहे, ती या अटींत कशी बसावी? सरकार पुरावा मागूं लागलें कीं पुरावा तयार होऊं लागतो, हा अनुभव आपल्यास नवा नाहीं. १८५२ नंतर इनाम कमिशननें सनदा मागितल्या, तेव्हां खऱ्या सनदांबरोबर बनावट सनदाहि पुढें आल्याच. उद्यां 'मूळ रूप' दाखविण्याच्या भरांत खरे जुने फेरफार काढून नवे 'जुने' भाग बसविले जातील, अशी भीति वाटते. असें झाल्यास नियमानें जपावयाचा तोच पुरावा नियमामुळेंच नष्ट होईल.

यासाठीं सूचना एवढीच आहे कीं, प्रत्येक जुन्या गाडीची एक बखर असावी. तींत क्रमांक, मालकांची परंपरा, पावत्या, छायाचित्रें, अपघात व प्रत्येक दुरुस्ती तारीखवार लिहावी. कारागिराचें नांव गाळूं नये. कोल्हापूर संस्थान १९४९ सालीं विलीन झालें. संस्थानी गाड्या हांकणारे व दुरुस्त करणारे लोक आतां जवळजवळ उरले नाहींत. त्यांच्या घरांतील वह्या, पावत्या व आठवणी हा कागदोपत्रीं पुरावाच आहे, आणि तो रद्दींत जाण्यापूर्वीं गोळा करणें हें संशोधकांचें काम आहे, कारागिरांचें नव्हे.

खेळण्याचा विशाळगड झाला, घोडखिंडीची पावनखिंड झाली. सख्खरलाना हें नांव कोणी वापरीत नाहीं, तरी इतिहासकार तें टिपून ठेवतो. कारण तेंहि त्या गडावरून गेलेल्या काळाचें पाऊल आहे. वस्तूवर उमटलेलीं सर्व पावलें जो जपतो, तोच तिचें अस्सलपण जपतो.